हाताची तपासणी

“बाटली सुनीताकडं दे. ती बुडवंल. तू नुसतं सांग.”

सर हे मोठ्यानं बोलले नाहीत. सर कधीच मोठ्यानं बोलत नाहीत. आमच्या गावातल्या तळ्याचा वरचा घाट. सकाळची वेळ. कोल्हापूरहून पाणीपुरवठ्याचे साहेब आलेले. सरपंच, सदस्य, शाळेची पोरं, डेअरीत दूध घालून रिकाम्या किटल्या घेऊन थांबलेली माणसं. आणि पाणी तपासायला नेमलेल्या आम्ही पाच बायका. बाटली माझ्या हातात. एक पाय पहिल्या पायरीवर.

मी पाय मागं घेतला.

साहेबांनी विचारलं, “का हो? प्रशिक्षणात तर ह्याच पुढं होत्या.”

सर हसले. “हुशारच हाय ती, साहेब. पण ह्या घाटावरनं देवीच्या पालखीला पाणी जातंय. गावाची पद्धत, दुसरं काय न्हाय. सांगंल की ती वरनं.”

साहेबांनी खिशातनं मोबाईल काढला आणि त्यात बघायला लागले. कुणाला त्यात बोलण्यासारखं काही वाटलं नसेल. मी बांधावर जाऊन उभी राहिले आणि तिथनं सांगायला लागले. बाटली बुडाशी धर. तोंडाला बोट लावू नको. काठाचं घेऊ नको, हात पुढं कर. खाली दाब, मग तोंड वर कर. सुनीता पायरीवर वाकलेली. माझ्याकडं वर बघत नव्हती. बाटली भरली तशी पोरांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाला. फोटोत बाटली आहे, सुनीता आहे, सर आहेत, साहेब आहेत. मी बांधावर होते. तिथवर फोटो येत नाही.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. कोल्हापूरहून गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरनं आत वळलं की आधी तळं लागतं, मग गाव, मग ओढा, ओढ्यापलीकडं आम्ही. तळ्याला दोन घाट. वरचा गावाचा, खालचा आमचा. आता घरोघर नळ आलेत. मोटार तळ्यातनं पाणी उचलते, टाकीत टाकते, तेच पाणी सगळ्यांच्या नळाला येतं. सरांच्याही आणि माझ्याही. घाटावर पाण्याला आता कोणच जात नाही. घाट मात्र दोन ते दोनच.

सरांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. आता निवृत्त आहेत, तळं समितीचे अध्यक्ष आहेत. तळ्याच्या वरच्या बाजूला त्यांच्या घरचा म्हशींचा गोठा आहे. मोठा आहे. गोठा धुतला की पाणी मोरीतनं उताराला लागतं आणि तळ्यात येतं. हे काही लपलेलं नाही. सगळं गाव रोज बघतं. बघतं आणि डेअरीला दूध घालायला जातं.

शाळेत सर मला धडा वाचायला उभं करायचे. मी घडाघडा वाचायची. सर म्हणायचे, “बघा, त्यांच्यातली असून कसं वाचती.” वर्ग माझ्याकडं बघायचा. मी खुशीत घरी यायची आणि आईला सांगायची, सरांनी मला शाबासकी दिली. आई शेणी थापता थापता नुसतं हूं म्हणायची. तिच्या त्या हूंचा मला राग यायचा.

पंचायतीनं पाणी तपासायला पाच बायका निवडायच्या ठरवल्या, तेव्हा माझं नाव आलं. एक नाव आमच्या वस्तीतनं पाहिजे होतं आणि बारावी झालेली मीच होते. आमचे मालक फाउंड्रीत कामाला जातात. त्यांनी विचारलं, “ह्यात तुझा काय फायदा?” मी म्हटलं, शिकायला मिळंल. तेवढं पुरलं मला.

प्रशिक्षण कोल्हापुरात होतं, मंगळवार पेठेतल्या एका हॉलमध्ये. सुनीता आणि मी एकाच एसटीनं जायचो. ती वरच्या गल्लीतली, मोठ्या घरातली सून. गावात आम्ही कधी एकमेकीशी बोललेलो नव्हतो. पण गाडीत एका बाकड्यावर बसलो आणि बोलायला लागलो, ते थांबलोच नाही. दुपारी डबे उघडले. तिच्या डब्यात वांग्याची भाजी, माझ्या डब्यात खर्डा आणि भाकरी. तिनं सरळ माझ्या डब्यात हात घातला. “वैनी, खर्डा कसला झटका हाय,” म्हणाली आणि डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत खात राहिली. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. मी “आलो”, “बघतो” म्हटलं की त्यांना हसू यायचं. सुनीता त्यांना म्हणाली, “आमच्यात बायका असंच बोलत्यात, मॅडम.” आमच्यात. तो शब्द मला फार आवडला. येताना गाडीत मी तो मनात घोळवत बसले होते. आमच्यात म्हणजे ती आणि मी.

मॅडमनी आम्हाला पाणी वाचायला शिकवलं. रंग बघून क्षार कसे ओळखायचे, कुठल्या थेंबांनी काय कळतं. आणि ती पावडरीची छोटी बाटली. तीत पाणी रेघेपर्यंत भरायचं, हलवायचं, उबदार जागी ठेवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायचं. पाणी काळं पडलं की त्यात शेणाची, मैल्याची घाण आहे. पिण्याजोगं नाही. मला ते जादूसारखं वाटलं नाही. मला ते न्यायासारखं वाटलं. पाणी कुणाच्या तोंडाकडं बघून रंग बदलत नव्हतं.

त्या दिवशी घाटावरनं आणलेलं पाणी आम्ही छोट्या बाटलीत भरलं. बाटली सुनीताच्या घरी ठेवायची होती, पण तिची सासू म्हणाली, असलं काय घरात नको. मग ती माझ्या फळीवर आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितली. काळी. चुलीच्या तव्यासारखी काळी.

मी ती तशीच रुमालात धरून सरांच्या घरी गेले. सर सोप्यात पेपर वाचत बसले होते. त्यांनी बाटली हातात घेतली नाही. पेपरचं एक पान काढलं, कट्ट्यावर पसरलं आणि मला म्हणाले, ठेव त्यावर. मी ठेवली. त्यांनी वाकून बघितलं.

“कुठं ठेवल्यालीस ही?”

“माझ्या घरात.”

“मग?” सर म्हणाले. आणि हसले. तसंच. प्रेमानं. “मग काय हुणार पोरी?”

मला आधी कळलंच नाही. मी सांगायला लागले की सर, घर कुठलंही असलं तरी बाटलीचं तोंड बंद असतंय. ते मान हलवत राहिले. मी बाटली उचलली. त्यांनी ते पेपरचं पान चारी कोपऱ्यांनी गोळा केलं, चुरगाळलं आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या कचऱ्यात टाकलं. मी पायरी उतरत होते. मी ते बघितलं. रस्त्यानं चालताना मला तो चुरगाळायचा आवाज येत राहिला.

त्या आठवड्यात गावात पोरं आजारी पडायला लागली. उलट्या, जुलाब. आमच्या वस्तीतल्या दोन पोरी गळून गेल्या. वरच्या गल्लीतली पोरंही. सुनीताच्या लेकाला कोल्हापूरला दवाखान्यात न्यावं लागलं. मी घरोघर फिरले. पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. आमच्या वस्तीत चुली पेटल्या. वरच्या गल्लीत दोन-तीन दारांत बायकांनी ऐकून घेतलं. एका दारात एक म्हातारी माझ्यासमोरच आत हाक मारून म्हणाली, “बघ गं, आपल्याला पाण्याचं कोण सांगालंय.” आत कोणतरी हसलं.

मी सरांकडं पुन्हा गेले. म्हटलं, दुसऱ्यांदा करू. तुम्ही म्हणाल तसं करू. ह्या खेपेलाही सुनीतानंच पाणी भरलं, छोटी बाटलीही तिनंच भरली आणि ती सरांच्याच घरात राहिली, त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात. मी हातही लावला नाही. मी पुन्हा बांधावरच उभी होते. बाटली सरांच्या कपाटातही काळी पडली.

आता तरी मानतील, असं मला वाटलं. मी लहान पोरीसारखी वाट बघत होते. खोटं कशाला सांगू, मला त्या खेपेलाही शाबासकीच पाहिजे होती.

सर म्हणाले, “किट कुणाकडं असतंय एरवी?”

किट, म्हणजे तपासणीच्या बाटल्यांचा डबा, माझ्याकडं असायचं. लोखंडी कपाटात, कुलुपात.

त्या दुपारी मी घरी येऊन बसले ते उठलेच नाही. आत्ती, म्हणजे माझी सासू, पाणी घेऊन आली, तर मी तांब्या बाजूला सारला. डोक्यात एकच चाललं होतं. पहिल्या खेपेला माझं घर. दुसऱ्या खेपेला माझं किट. तिसऱ्या खेपेला किट शाळेत ठेवलं, तर मी शिकवलेली सुनीता. सुनीताच्या जागी दुसरी कोण आली, तर माझ्या वस्तीवरनं आलेला वारा. ह्याला शेवट नाही. मी कितीही बाटल्या भरल्या तरी शेवट नाही. ते पाणी तपासतच नव्हते. ते मला तपासत होते. आणि त्यांचा निकाल आधीच लागलेला होता, माझ्या जन्माच्याही आधी. मी मात्र परीक्षेला बसल्यासारखी पुन्हा पुन्हा बसत होते.

मला बसवेना. मी उठले, अंगण झाडलं. झाडलेलं पुन्हा झाडलं. मालक कामावरनं आले, त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी जेवणाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, “सोड ते काम.” त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती, दमणूक होती. फाउंड्रीतला माणूस आणखी आग कुठं घरात आणणार. मी त्यांना दोष देत नाही. पण मी सोडणार नव्हते.

सुनीता आली. दारात उभी राहिली, आत आली नाही. तिचा लेक दवाखान्यातनं घरी आला होता. हळूच म्हणाली, “वैनी, खरं सांग. पोराला नळाचं देऊ?”

“देऊ नको. उकळून दे.”

“बरं.”

“हे उद्या चार माणसांत म्हण की.”

ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, मला त्या घरात राहायचं हाय वैनी. आणि गेली. तिचा राग आला. मग तिच्या पायात चप्पल नव्हती हे आठवलं. सासूला न सांगता, मागच्या दारानं आली असणार. राग गेला नाही, पण राग कुठं ठेवावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोर सभा होती. देवीची जत्रा तोंडावर आलेली. घरोघर पावणं येणार, ह्याच पाण्यावर जेवणावळी शिजणार. पाण्याचा बोभाटा झाला तर गावाचं नाव जाईल, हा विषय. सर उठले. फार छान बोलले. म्हणाले, पाच जणींनी मिळून सांगावं की तपासणीत चूक झाली होती, पाणी चांगलं हाय. टाकीत औषध टाकू आपण, गोष्ट मिटली. मग माझ्याकडं बघितलं.

“ही तर आपली पोरगी हाय. माझी विद्यार्थिनी. त्यांच्यातली असून गावानं हिला पुढं आणलं. ती गावाचं नाव राखंल.”

असून.

इतकी वर्षं तो शब्द माझ्या कानात शाबासकी म्हणून पडून होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा उघडा दिसला. वाचता येतं, पण त्यांच्यातली. हुशार, पण त्यांच्यातली. आईचा हूं मला तेव्हा कळला. आई माझ्या आधीच वाचायला शिकली होती.

मी उठून उभी राहिले.

“सर, पाणी दोनदा तपासलं. दोन्ही खेपंला तुम्ही माझा हातच तपासला. आता माझ्या हाताची तपासणी बंद. पाणी वाईट हाय. ते तुमच्या गोठ्यानं वाईट हाय. हे मी खोटं हाय म्हणून सांगणार न्हाय.”

सभेत कुजबुज सुरू झाली. कोणतरी मागनं म्हणालं, बसवा तिला. मी बसले नाही. टेबलावर किटचा डबा होता. त्यातली नमुन्याची बाटली मी घेतली, पावडरीची बाटली घेतली आणि चालायला लागले. तळ्याकडं. मागनं माणसं आली. आमच्या वस्तीतल्या बायका आल्या. आत्ती आली, काठी टेकत.

वरच्या घाटाच्या तोंडाशी सरांचा पुतण्या आडवा उभा राहिला. माझ्याच वयाचा. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा.

“हितनं न्हाय. खाली जा तुमच्या घाटाला.”

“मोटार ह्या घाटाजवळनं पाणी उचलती. नमुना हितलाच लागतो.”

“मी सांगालोय तुला.”

“मी पण सांगालोय. बाजूला हो.”

तो हलला नाही. मी त्याच्या शेजारनं, घाटाच्या कडेनं उतरले. माझा पदर त्याला लागला. तो झटक्यानं मागं सरकला, भाजल्यासारखा. मला वाट मिळाली ती त्याच्या त्या सरकण्यानं. हे मी विसरणार नाही. त्यानं वाट दिली नाही. त्याला विटाळ झाला म्हणून वाट झाली.

पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. मी चप्पल काढली नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले. बाटली बुडाशी धरली. काठाचं घेतलं नाही, हात पुढं केला. खाली दाबली, तोंड वर केलं. पाणी गार होतं. हिरवट होतं. माझ्या मनगटाभोवती एक लाट उठली आणि काठाला जाऊन लागली, बस्स. काही झालं नाही. आभाळ पडलं नाही. वर वळून बघितलं तर सुनीता सगळ्यात वरच्या पायरीवर उभी. तिच्या हातात किटचा डबा होता. सभेतनं तो तिनं उचलून आणला होता. ती खाली आली नाही. डबा पायरीवर ठेवला आणि गर्दीत मागं गेली. तेवढंच तिनं केलं. तेवढं केलं.

ती बाटलीही काळी पडली. आमच्या वस्तीतल्या बायकांना घेऊन मी ती एसटीनं कोल्हापूरला नेली, ऑफिसात साहेबांच्या टेबलावर ठेवली. पेपर मागितला नाही. सरळ टेबलावर. मग प्रयोगशाळेची माणसं येऊन स्वतः पाणी घेऊन गेली. पाणी पिण्याजोगं नाही, असं तिथनंही आलं. गावात भोंग्यावर सांगितलं गेलं, पाणी उकळून प्या. कुणी तपासलं, ते सांगितलं नाही.

आणि त्याआधी, मी घाटावर उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांनी घाट धुतला. सरांचा पुतण्या, आणखी चौघं. बादल्या भरभरून. वरनं गोमूत्र शिंपडलं. घाट कुठल्या पाण्यानं धुतला? तळ्याच्याच. त्याच काळ्या पडणाऱ्या पाण्यानं ते माझा पाय धुवून काढत होते. बांधावरनं मी बघत होते. मला हसू आलं.

मी घरी गेले, साडी बदलली आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. मालक सोबत आले. दोन दिवसांपूर्वी सोड म्हणणारे तेच. हवालदार म्हणाला, पाण्यावरनं भांडण झालं असं लिहू का बाई? मी म्हटलं, भांडण झालं नाही. मला जातीवरनं घाटावर अडवलं आणि मी उतरले म्हणून घाट धुतला. झालं तसं लिहा. त्यानं दोनदा पेन खाली ठेवलं. आम्ही उठलो नाही. शेवटी लिहिलं.

तेव्हापासून गिरणीत माझं दळण सगळ्यांत शेवटी दळलं जातं. आमच्या एका म्हशीचं दूध डेअरीत रोज पातळ निघतं. तपासणीच्या कामातनं माझं नाव कमी करावं म्हणून ठराव झालाय. पोलिसांनी सुनीताला साक्षीला बोलावलंय. ती काय बोलेल मला माहीत नाही. तिला मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तिचं तिनं ठरवायचं. गोठ्याची मोरी अजून तळ्यातच उतरते.

परवा सरांनी माणूस पाठवला होता. आमच्याच वस्तीतला, म्हणून जास्त लागलं. निरोप असा की तक्रार मागं घे. गावातल्या गावात मिटवू. आणि दर महिन्याला वरच्या घाटावरनं पाणी तपासायला घ्यायची तुला समिती परवानगी देईल, सरांचा शब्द आहे.

मी त्याला चहा दिला. मग म्हटलं, सरांना जाऊन सांग, परवानगी मी मागितलेली न्हाय. तळं त्यांच्या मालकीचं नव्हतं, मग द्यायला ती त्यांच्याकडं आली कुठनं? तक्रार राहील. आणखी ठराव करू दे न्हायतर नाव खोडू दे, पाणी मी तपासणार. पुढच्या खेपंला घाटावर, आणि तिथनं गोठ्याच्या मोरीखाली. दिवसाउजेडी. सगळं गाव जागं असताना.